आबांचे एकच खोटे

मांगीलाल धाकट्या भावाच्या लग्नपत्रिका छापून घ्यायला नंदुरबारला आमच्या छापखान्यात आला, तेव्हा मी एका लेखाची मुद्रिते तपासत होते. लेख माझाच होता. सरकारला उद्देशून होता आणि त्यात ‘भ्याड’ हा शब्द चार वेळा आला होता. मांगीलालचे धानोऱ्याला किराण्याचे दुकान, आमच्या घरापासून चौथे. मला पाहून तो दारातच थबकला.

"कमलबाई, तुम्ही अठेच? माले वाटनं तुम्ही गावले गया व्हशात."

"कसाले?"

त्याने टोपी काढून हातात घेतली. "तुमले कयनं नही का? नाकेदार आबा गयात... आज तिसरा दिन शे."

मी त्याला विचारले, पत्रिका किती छापायच्या? त्याने आकडा सांगितला, मी तो लिहून घेतला, कागद पिवळा हवा की गुलाबी तेही विचारले. मग मागच्या दाराने बाहेर जाऊन पायरीवर बसले. आबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मला अक्षरे त्यांनी शिकवली, आणि शेवटची दोन वर्षे मी त्यांना तोंड दाखवले नव्हते. त्याचे कारण गावात कुणालाच ठाऊक नाही. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे. आबांचे गुण गाणारे पुष्कळ निघतील. माझ्याकडे सांगण्यासारखे आहे ते वेगळे आहे.

आबा जंगलखात्यात नाकेदार होते. तीस वर्षे त्यांनी खाकी सदरा आणि पितळी बिल्ल्याचा पट्टा वापरला. ज्या रानात माणूस जन्मला त्याच रानातली काटकी उचलली की तो गुन्हेगार, असल्या कायद्याची अंमलबजावणी त्यांनी तीस वर्षे केली. लपवण्यात अर्थ नाही. बायांच्या डोक्यावरच्या मोळ्या त्यांनी उतरवून घेतल्या, कोयते जप्त केले, मोहाच्या टोपल्या नाक्यावर रिकाम्या करायला लावल्या. भिल्लांच्या पाड्यावर पोर रडायला लागले की आया म्हणत, "चूप, नाकेदार उना!" आणि पोर चूप होई. हे आबांना माहीत होते. एकदा एका बाईचे टोपले उचलून ते नाक्याकडे निघाले, तर तिचे चारेक वर्षांचे पोर त्यांच्या मागोमाग चालत आले. रडत नव्हते. वाटेतल्या झाडांची नावे सांगत होते. हा अंजन, हा धावडा, ह्याच्या पानाने जखम भरते, ही लेंडी भेकराची, कालची आहे. मैलभर ते असेच बोलत आले आणि नाक्यापाशी थांबून म्हणाले, "आते दे." आबांनी दिले नाही. कायदा होता. पुढे तेच पोर गावच्या शाळेत गेले, तेव्हा त्याला पुस्तकी मराठीत उत्तर देता येईना म्हणून मास्तरांनी ‘ढ’ ठरवून महिनाभरात घरी पाठवले. आबा हे मला सांगत तेव्हा मास्तरांवर रागावत नसत. "मास्तरनी एकच महिना त्याले दाबेल शे," ते म्हणत. "मी तीस वरीस दाबं."

नोकरी संपल्यावर त्यांनी गावाच्या टोकाच्या घराच्या ओसरीवर, नाल्याकाठच्या चिंचेच्या सावलीत, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग सुरू केला. गुजरातेत अशा बालमंदिरांचा बोलबाला होता. तिकडून येणारी एक मासिकपत्रिका आबा बोट ठेवून ठेवून वाचत. पण त्यांची ओसरी मात्र कुठल्याच पुस्तकातून आलेली नव्हती. सुरुवातीला पाड्यावरून एकही पोर आले नाही. कसे येईल? आबा रोज सकाळी पाड्यावर जाऊन मोहाच्या झाडाखाली नुसते बसत. पट्टा नाही, काठी नाही. बाया लांबून बघत. पंधरा-वीस दिवसांनी एक म्हातारी म्हणाली, "नाकेदार, आते काय लेवाले ऊना? मोळी सरनी, कोयता सरना... आते पोरं का?" आबा म्हणाले, "हा माय. पोरंच. पन दुपारले परत आनी दिसू." त्यावर ती हसली म्हणे. दुसऱ्या दिवशी दोन पोरे आली. गावातल्या थट्टेखोरांनी वर्गाचे नाव ठेवले ‘नाकेदारचा कोंडवाडा’. पहिले गुरे कोंडत होता, आता पोरे कोंडतो. आबांना ते नाव इतके आवडले, की ते स्वतःच मुलांना हाक मारताना म्हणत, "चला रे, कोंडवाडा उघडना!"

तिथे काय चाले ते मी सांगते, कारण मी त्याला कधीच शिक्षण मानले नव्हते. ओसरीच्या मधोमध एक मोठे सूप ठेवलेले असे. येताना वाटेत जे सापडेल ते मुलाने आणून सुपात ठेवायचे. पीस, शेंग, सापाची कात, खेकड्याची नांगी, गोल दगड, काहीही. फक्त झाडावरून तोडायचे नाही आणि जिवंत असेल ते आणायचे नाही. मग सगळे सुपाभोवती बसत. एकेक वस्तू हातोहात फिरे. डोळे मिटून हुंगायची, गालाला लावायची, कानाशी हलवायची. आबा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "कोठे सापडनं?" आणि मुलाने जागा नेमकी सांगायची. ‘रस्त्यावर’ एवढे चालत नसे. कुठल्या रस्त्यावर, कुणाच्या बांधाला, सावलीत की उन्हात, ओले होते की कोरडे? मांगीलालची मुलगी एकदा म्हणाली, "आमना दुकानना मांगे, गूळवर." सगळी पोरे हसली, तिने मेलेला मुंगळा आणला होता. चिंचोके मांडून मोजणी होई. नाल्याचे गढूळ पाणी लोट्यात ठेवून ते कसे निवळते ते पाहत मुले वर्ग सुटेपर्यंत बसत. सागाचे वाऱ्याने पडलेले कोवळे पान चोळून तळहात लाल करायचे आणि त्या हाताचा ठसा भिंतीवर उमटवायचा. पाटलाचा हात कोणता आणि भिल्लाचा कोणता, हे त्या भिंतीवर आजही कुणाला ओळखता येणार नाही. हे पाहून गावातल्या चार घरांनी पोरे काढून घेतली. आबा बोलावायला गेले नाहीत. भूक लागली की पोरे आपोआप येतील, म्हणाले, आणि तीन घरची आली.

आणि दुपारी सगळी वरात निघे. सुपातली प्रत्येक वस्तू जिथून उचलली तिथेच ठेवायची, आणि ज्याने उचलली त्यानेच ठेवायची. दुसऱ्याने ठेवलेले चालणार नाही. आई म्हणाली ‘मी ठेवते’, तरी नाही. उन्हात पाय भाजत, पण आबा शेवटच्या पोराचे शेवटचे पीस जागेवर पडेपर्यंत बरोबर हिंडत. तीस वर्षांत उचललेले एकही टोपले त्यांना परत ठेवता आले नव्हते, एवढे मला आता कळते. तेव्हा कळत नव्हते.

तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांची होते आणि पत्रकांवर वाढत होते. वडिलांच्या पेटाऱ्यात सत्याग्रहाच्या वेळची पत्रके होती. ती मी पाठ केली होती. देश पेटलेला असताना चिंचोके मोजत बसलेला माणूस मला सहन होत नसे. एकदा मी सरळ म्हटले, "आबा, निदान पोरांना घोषणा तरी शिकवा. सकाळी पाच मिनिटं."

"तुले शिकवेल कोनं?" आबांनी विचारले.

"मी स्वतः वाचलं."

"मंग त्यासले बी वाचू दे. आते त्यासना डोया उघडी ऱ्हायनात, तोंड उघडाले येळ शे." मग जरा वेळाने, चिडवत, "आनि पोपटच पायना व्हई तं मन्हाजोडे पिंजरा नही, बाय."

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्या आठ दिवसांत मी ‘भिल्ल बांधवांनो, जागे व्हा’ नावाचे पत्रक लिहिले. पाड्यावर कुणालाही वाचता येत नव्हते, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटली.

मग बेचाळीसचा पावसाळा आला. माझ्या त्याच पत्रकाच्या छापील प्रतींचे एक बाड नंदुरबारहून मी गाडीतून, ज्वारीच्या पोत्यात घालून आणले. गावात झडत्या सुरू होत्या. आमच्या घरी ठेवणे धोक्याचे होते. मला एक युक्ती सुचली आणि ती मला फारच हुशारीची वाटली. पाड्यावर कोण झडती घेणार? तिथल्या जुन्या मोहाला माणसाच्या छातीच्या उंचीवर एक ढोली होती. पाऊस लागणार नाही अशी. संध्याकाळी गुरे परतायच्या आधी मी बाड तिथे ठेवले, वर पाने कोंबली. पाड्यावरच्या एकाही माणसाला विचारले नाही. ज्यांच्या नावाने पत्रक होते त्यांच्या दारात मी त्यांना न विचारता आग ठेवून आले, हे मला त्या रात्री सुचलेसुद्धा नाही... मी नीट झोपले.

दोन दिवसांनी तारा तोडल्याच्या चौकशीला फौजदार आला. दोन शिपाई बरोबर. आबा जुने सरकारी नोकर, म्हणून तो त्यांच्याच ओसरीवर येऊन टेकला. मी आत चहा करत होते. पोरे नेहमीप्रमाणे येत होती, सूप भरत होते, फौजदार करमणूक म्हणून बघत होता. जातरी आली. जातरी पाड्यावरची, पाचेक वर्षांची, वर्गात सगळ्यांत बारीक नजरेची. तिने सुपात घडी केलेला एक कागद ठेवला आणि ऐटीत बसली. असली वस्तू आजवर कुणी आणली नव्हती. मी दाराच्या फटीतून पाहिले आणि माझ्या हातातली कपबशी खाली ठेवायचे भान मला राहिले नाही.

फौजदाराने कागद उचलला, उलगडला, वाचला. मग अगदी गोड आवाजात, आबांचाच प्रश्न त्याने तिला विचारला. "कुठे सापडलं ग, पोरी?"

जातरीला हा प्रश्न हजार वेळा ऐकून माहीत होता. ती उभी राहिली. "आमना पाडामा. मोहना ढोलीमा. वर पाने व्हतात, कोरडा. आजून भू कागद शेतस तठे."

आबा उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोर चुकी ऱ्हायनी, साहेब. हाऊ कागद मन्हा कोनाडामा व्हता. तठूनच उचलेल शे तिनी."

"नही आबा! ढोलीमा!"

"जातरी," आबा म्हणाले, "खोटं नको बोलू."

ते शब्द त्या ओसरीवर कधीच कुणी उच्चारले नव्हते. पोरांनी कोल्ह्याच्या शेपटीच्या गोष्टी रचल्या होत्या, वाघ पाहिल्याचे सांगितले होते, आबा फक्त विचारत, "कोठे पाह्यना?" आणि पोर आपोआप खऱ्यावर येई. जातरीने आधी आबांकडे पाहिले, मग सुपाकडे, मग स्वतःच्या हाताकडे. ती रडली नाही.

फौजदार मूर्ख नव्हता. "नाकेदार, पोरगी खरं बोलते आहे."

"साहेब, तीस वरीस मन्हा शब्दवर तुम्ही माणसं धरेल शेत. आज पाच वरीसनी पोरना शब्द लिखशात का मन्हा?"

फौजदाराला एक माणूस हवा होता, तो मिळाला; ढोली बघायला त्याने कुणाला धाडले नाही. त्यांनी आबांना चपला घालू दिल्या. अंगणातून जाताना आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "कमल, पोरं भुक्या जातीन. काही खावाले दे." बस्स. मी ‘ते पत्रक माझे आहे’ हे चार शब्दांचे वाक्य उच्चारले नाही. हातात कपबशी धरून मी दारात उभी राहिले. मी, जी सभेत उभी राहून बोलत असे.

अंधार पडायच्या आधी मी ढोली रिकामी केली आणि बाड नाल्यात बुडवले. पाडा वाचला, असे मला वाटले. वाचलाही. पण दुसऱ्या सकाळी जातरी त्या मोहापाशी गेली होती, हे मला पुढे तिच्या आजीकडून कळले. तिने ढोलीत हात घालून पाहिला. आत काहीच नव्हते. पानेसुद्धा नव्हती.

आबा सहा महिन्यांनी सुटून आले. खोकला घेऊन आले. तुरुंगाबद्दल ते काही बोलले नाहीत, फक्त तिथल्या भिंतीतून पिंपळ उगवला होता तो त्यांनी पोरांना मातीत काढून दाखवला. वर्ग पुन्हा सुरू झाला. जातरी येत होती, सुपात वस्तूही ठेवत होती. पण "कोठे सापडनं?" विचारले की म्हणे, "माहीत नही." रोज. ज्या पोरीला कोणत्या फांदीखालचे पीस हे आठवत असे, ती म्हणे, माहीत नही. आबा आग्रह करत नसत. दुपारी तिची वस्तू परत ठेवायची वेळ आली की ती कुठेही टाकून देई. एके दिवशी वर्ग सुटल्यावर आबा चिंचेला टेकून बसले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "तुरुंगनं काही नही, कमल. जनमभर माणसंस्ना हातमाईन वस्तू लिध्यात मी. त्या दिन मी पोरना डोया लई लिधा."

"तुम्ही तिला सांगा ना मग," मी म्हटले.

"मी काय सांगू? ठेवेल कोनी व्हतं?" त्यांनी पहिल्यांदाच मला विचारले. म्हणजे त्यांना माहीत होते. छापील कागदावर माझे अक्षर नव्हते, तरी भाषा ओळखली असणार. "ते तुन्हं शे. तूच जाय. तिले सांग, तू खरी व्हतीस."

मला राग आला. खरे सांगायचे तर भीती वाटली, पण सोंग मी रागाचे केले. एवढ्या मोठ्या लढ्यात एका पोरीच्या मनाचे काय घेऊन बसलात, ती विसरून जाईल, पोरे विसरतात, असे मी बोलले. आणखीही बोलले. त्यानंतर आठवड्यात मी नंदुरबारला छापखान्यात नोकरी धरली आणि गावी गेले नाही. तिथे मी निर्भयतेवर लेख लिहिले. लोकांना ते आवडले...

दहाव्याला मी धानोऱ्याला पोहोचले. विधी घाटावर झाले. मी ओसरीवर गेले तर सकाळची वेळ, आणि सात-आठ पोरे येऊन बसली होती. त्यांना कुणी बोलावले नव्हते. सूप भरलेले होते. एक पोर दुसऱ्याला विचारत होते, "कोठे सापडनं?" आणि दुसरे सांगत होते. मी थोडा वेळ पाहिले आणि पाड्याकडे निघाले.

जातरी आता आठ वर्षांची आहे. शेळ्या राखते, वर्गात येत नाही. ती त्याच मोहाखाली बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितले. बाड माझे होते. मी ठेवले होते, कुणाला न विचारता. तू ढोलीतूनच कागद घेतला होतास. वर पाने होती, आत कोरडे होते, आणखी पुष्कळ कागद होते, तू सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. नंतर मीच ते काढून नेले, म्हणून तुला ढोली रिकामी दिसली. आबांना हे सगळे माहीत होते. ते तुझ्या घरादाराला वाचवायला खोटे बोलले.

तिने सगळे ऐकून घेतले. मग उठली, ढोलीत हात घातला, आत सगळीकडे फिरवला, काढला. "अठेच ना?"

"अठेच."

"मंग त्या दिन तू काबर नही बोलनी? तू तं दारमाच उभी व्हतीस."

तिने मला पाहिले होते. तीन वर्षे तिला हेही ठाऊक होते. मी म्हणाले, "मी भ्याले, जातरी."

हे छापून आल्यावर ज्यांना माझ्याकडे यायचे असेल त्यांनी यावे. पाड्यावरच्या कुणालाही त्या बाडाची खबर नव्हती, आणि आबांचाही त्याच्याशी संबंध नव्हता. ते माझे होते. छापखान्याचा पत्ता ठाऊक आहेच. मला एवढेच सांगायचे होते आणि माझ्या मते लेख इथेच संपायला हवा होता. पण जातरीने पुढे जे सांगितले ते आबांबद्दल कुणालाच माहीत नाही, मलाही नव्हते. फौजदारासमोर ताठ उभा राहिलेला, आवाज न चढवणारा तो माणूस मी फटीतून पाहिला होता आणि त्या चित्रावर मी मनातल्या मनात लेख रचला होता, धैर्य म्हणजे काय, असा.

ती म्हणाली, "आबा बी भ्यायना व्हता."

"कोन सांगं तुले?"

"कोनी नही. मन्हा डोकावर त्याना हात व्हता ना." तिने माझा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. तिचे केस उन्हाने तापले होते. "असा," ती म्हणाली, आणि कसा ते दाखवण्यासाठी माझा हात हलवणार होती. पण तशी गरज पडली नाही. हात आधीच कापत होता. तिने माझे मनगट सोडून दिले आणि मान जराही न हलवता, तो थांबेपर्यंत तशीच उभी राहिली.